ठोंब्याचा गाल

बेचाळिसाव्या वर्षी माणसाच्या तोंडावर तारुण्यपीटिका असाव्यात, यात हसण्यासारखं काय आहे ते हसणाऱ्यालाच ठाऊक. तारुण्य कधी येऊन गेलं त्याचा याला पत्ताही लागला नव्हता, या मात्र मागे राहिल्या होत्या. आणि नाजूकसाजूक दोन-चार नव्हेत. चांगले लालभडक, ठणकणारे फोड. गालांवर, हनुवटीवर, आणि डाव्या कानाखाली जबड्याच्या कडेला एक टणक गाठ, ती तर बारमाही मुक्कामाला. दाढी करणं म्हणजे रोजची लढाई. न्हाणीघरातल्या आरशावरचा दिवा गेला, तो त्याने सहा वर्षं बदलला नव्हता.

तो कवळ्या करायचा. दातांच्या डॉक्टरांकडून प्लास्टरचे जबडे यायचे, प्रत्येकाला नंबर, आणि हा मागच्या खोलीत बसून मेणात एकेक दात रोवायचा. दाताचा रंग कुठला, पुढचे दोन किती लांब, हिरडीची गुलाबी छटा कशी, सगळं हाच ठरवायचा. हात सोन्याचा होता त्याचा, मालकसुद्धा मान्य करायचे. पण त्या दातांनी कोण जेवतंय, कोण हसतंय, हे याने कधी पाहिलं नाही. एकदा एका डॉक्टरांनी रोग्याच्या समोरच रंग जुळवायला बोलावलं होतं, तर हा पोट बिघडल्याचं सांगून घरी बसला. असा हा गडी. खोलीत आणखी दोघं काम करायची, त्यांच्याशी बोलणं म्हणजे “मेण संपलंय का” आणि “पंखा कमी कर”. लग्नाचं कुणी विचारायचं ते दिवसही मागे पडले होते.

राहता राहिली आई.

आई दोन वर्षं वृद्धाश्रमात होती. डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. कानाला यंत्र होतं, पण त्या यंत्रातून सगळ्यांचे आवाज सारखेच, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे. आणि डोक्यातलं हळूहळू पुसत चाललं होतं. नवऱ्याचं नाव गेलं, राहत्या गल्लीचं गेलं, जेवण झालं की नाही तेही जायचं. मुलगा तेवढा राहिला होता, आणि तो राहिला होता बोटांत. दर रविवारी चार वाजता हा जाऊन पलंगाशेजारी बसायचा. ती हात पुढे करायची. उजव्या गालावरून बोटं फिरायची, हनुवटीवर थांबायची, मग डाव्या जबड्यावरून मागे मागे जात कानाखालच्या त्या गाठीवर पोचायची. तिथे पोचली की तिचा चेहरा असा उजळायचा, की बघणाऱ्याने बघत राहावं.

“ठोंब्या,” ती म्हणायची. “अजून आहे का रे हा? फोडत जाऊ नकोस, सांगितलंय ना.”

ठोंब्या हे नाव तिनेच ठेवलेलं, दीड वर्षाचा होईपर्यंत चालायचं नाव घेतलं नाही म्हणून. जगात आता त्याला या नावाने हाक मारणारं दुसरं कुणी नव्हतं. खरं सांगायचं तर कुठल्याच नावाने कुणी फारशी हाक मारत नव्हतं. आठवड्याचे सहा दिवस तो सातव्या दिवसाच्या आशेवर काढायचा, आणि त्या सातव्या दिवसातली पाच मिनिटं त्याची असायची. त्याच्या चेहऱ्याला आपणहून हात लावणारं माणूस जगाच्या पाठीवर ते एकच.

मग वृद्धाश्रमात नवीन व्यवस्थापक बाई आल्या. बाई वाईट नव्हत्या, पण जरा जास्तच काळजी करणाऱ्या. त्यांनी याला बाजूला घेतलं, दोनदा घसा साफ केला, आणि म्हणाल्या, “राग मानू नका, पण तुमच्या चेहऱ्याचं... ते पसरत नाही ना? इथे सगळी म्हातारी माणसं. आई हात लावतात, मग त्याच हाताने जेवतात. डॉक्टरांची एक चिठ्ठी आणलीत तर माझी काळजी मिटेल.”

कानशिलं तापली त्याची. पण रविवार जायला नको, म्हणून तो सोमवारीच अर्धी रजा टाकून त्वचेच्या डॉक्टरकडे गेला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, फटकळ. भिंगातून चेहरा पाहिला आणि विचारलं, “आजवर काय काय लावलंत?”

“लिंबू. मध. टूथपेस्ट. तुरटी. एकदा कुणीतरी दिलेली ट्यूब.”

“म्हणजे स्वयंपाकघर झालं, न्हाणीघर झालं, डॉक्टर तेवढा राहिला होता. हे संसर्गाचं नाही, लिहून देते. पण आलाच आहात तर उपचार घ्या. हे विशीत यायचं काम होतं, पण अजूनही उशीर झालेला नाही.”

“बरं होईल?”

“आटोक्यात राहील. धंदा काय तुमचा? कवळ्या? मग तुम्हाला कळेल. दात एकदा घासले आणि जन्माचं काम झालं, असं असतं का? रोज घासावे लागतात. हेही तसंच. रात्री वाटाण्याएवढं हे मलम, सगळ्या चेहऱ्याला, फोडांवर थापायचं नाही. सकाळी हे दुसरं. उन्हासाठी तिसरं. तीन महिने गोळ्या. पहिला दीड महिना वाढल्यासारखं वाटेल, तेव्हा मला शिव्या घाला, पण सोडू नका. आणि चांगलं दिसायला लागलं की लोक हमखास मलम सोडतात, तो गाढवपणा करू नका. सोडलंत की दोन-तीन महिन्यांत पाहुणे परत.”

त्याने चिठ्ठी व्यवस्थापक बाईंना दिली आणि मलमं मात्र इमानेइतबारे सुरू केली. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. कदाचित कुणीतरी इतक्या जवळून चेहरा पाहिला आणि नाक मुरडलं नाही, म्हणून असेल. दीड महिना खरोखरच वाढलं. कातडी सोलली, ओठाच्या कडा चरचरल्या, निळ्या अभ्र्यावर मलमाचे पांढरे डाग पडले. त्याने डॉक्टरीणबाईंना मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि वाटाण्याएवढं मलम लावत राहिला. तिसऱ्या महिन्यात एक दिवस दाढी करताना रक्तच आलं नाही. त्या दिवशी त्याने आरशावरचा दिवा बदलला. पाचव्या महिन्यात गाल सपाट झाले. डाग होते, खड्डे होते, पण नवीन काही उगवत नव्हतं.

आता एवढं सगळं झालं, तर कामावर कुणाला काही दिसावं की नाही? एकाने आठवडाभराने मान वर करून विचारलं, “केस कापलेस का रे?” हा “हो” म्हणाला. दुसऱ्याने तेवढंही विचारलं नाही. त्याला वाटायचं, इतकी वर्षं जग आपला चेहरा बघून तोंड फिरवतंय. जगाचं लक्षच नव्हतं हो. हे कळणं त्या फोडांपेक्षा जास्त दुखलं. पण रविवार होता ना, त्याने मनाची समजूत घातली. आईला किती बरं वाटेल. जन्मभर तिला त्या फोडांचीच काळजी.

राहिली होती ती कानाखालची गाठ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ही हट्टी आहे. पण बसेल हळूहळू, थांबा.” आणि इथे याने घाई केली. “नको, घालवूनच टाका,” म्हणाला. त्यांनी तिच्यात बारीक सुईने औषध सोडलं. बुधवारी इंजेक्शन, शनिवारपर्यंत गाठ बसली. रात्री अंथरुणावर पडून तो त्या जागेवरून बोट फिरवत राहिला आणि आईचा चेहरा कसा होईल ते मनात रंगवत राहिला.

रविवारी तिने हात पुढे केला. उजवा गाल. हनुवटी. गेले काही रविवार तिची बोटं जरा अडखळत होती, पुन्हा पुन्हा शोधत होती, पण हा स्वतःच्या आनंदात, याच्या लक्षात कुठलं यायला. बोटं जबड्यावरून मागे गेली, कानाखाली पोचली आणि थांबली. इकडे शोधलं, तिकडे शोधलं. मग तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

“कोण तुम्ही?”

“आई, मी. ठोंब्या. बरं झालं बघ सगळं.”

“सिस्टर,” ती घाबरून हाका मारायला लागली. “हे कोण आलंय? माझ्या मुलाचं नाव सांगतंय.”

तो समजावत गेला आणि ती आणखी घाबरत गेली. शेवटी रडायलाच लागली. सिस्टर धावत आली, तिने आईला पाणी पाजलं, आणि याला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं, “दादा, वाद घालू नका. त्यांना पटवायला गेलात की त्या बिथरतात. नुसतं येऊन बसत जा. कोण म्हणून आलात ते महत्त्वाचं नाही.”

महत्त्वाचं कसं नाही? पण सिस्टर विशीतली पोर, तिला काय सांगणार.

पुढच्या रविवारी तो गेला तेव्हा आईने विचारलं, “दवाखान्यातले साहेब का?” तो म्हणाला, “हो.” असा तो स्वतःच्या आईकडे साहेब झाला. ती त्याच्याशी अहो-जाहो करायची, पाय आवरून बसायची, आणि मुलाच्या तक्रारी सांगायची. “येत नाही हो हल्ली. चेहऱ्यामुळे लाजतो. शाळेत असताना वर्गाचा फोटो होता, तर त्या दिवशी हा गच्चीवर लपून बसला. मी शोधत गेले तर टाकीच्या मागे. त्याला मी एक थप्पड मारली. तेव्हा मला कळलं नाही, त्याला किती वाईट वाटत असेल ते. तुम्ही डॉक्टर लोक, काही औषध नाही का यावर?”

त्या थपडेची आठवण त्याला होती. आईलाही असेल, असं कधी वाटलं नव्हतं. तो म्हणाला, “आहे ना औषध. तुमच्या मुलाने घेतलं ते. त्याचा चेहरा साफ झाला.”

“खरं सांगताय?”

“अगदी साफ.”

“किती साफ?”

आता हे शब्दांत कसं सांगायचं? त्याने तिचा हात धरला आणि स्वतःच्या गालावर ठेवला. “असा.”

तिने परक्या माणसाला लावावा तसा संकोचाने हात लावला. मग बोटं जरा धीट झाली. “असा? एवढा गुळगुळीत?” ती हसली, किती दिवसांनी हसली. “तरीच. कुठेतरी चार माणसांत रमला असेल आता. म्हणून सवड नाही.”

मग दर रविवारी ती तेच विचारायची, “किती साफ झालाय हो?” आणि हा तिचा हात गालावर ठेवायचा. असे पाच-सहा रविवार गेले. तिला समाधान मिळायचं. माय तीच, हात तोच, गाल तोच, पण तो गाल म्हणजे नुसता नमुना. दुकानात कापडाचा तुकडा दाखवतात, तसा. चार माणसांत रमलेला तो मुलगा कोण, याचा त्याला हेवा वाटायला लागला.

मग एका रात्री वाटाण्याएवढं मलम बोटावर घेतलेलं असताना तो थांबला. बोट पुसून टाकलं, तिन्ही ट्यूबा उचलल्या आणि खणात टाकल्या. त्याचा हिशोब सरळ होता. फोड आले की ठोंब्या परत येईल.

डॉक्टरीणबाईंकडे तपासणीची तारीख होती, तिथे त्याने अंदाज घेतला. “समजा, मलम सोडलं तर नक्की किती दिवसांत परत येतात?”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “का विचारताय?”

“सहज.”

“सहज कुणी हे विचारत नाही. सोडू नका. इतकी मेहनत घेतलीय तुम्ही. मला असे चिकाटीचे पेशंट वर्षाला दोन मिळतात.” असं कौतुक त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. पेशंट म्हणून का होईना, कुणीतरी त्याला मोजलं होतं. ते ऐकून तो मान खाली घालून बाहेर आला, आणि मलमाला हात लावला नाही.

आणि गंमत बघा. सत्तावीस वर्षं नको नको म्हणताना उगवणारे फोड, आता या म्हटलं तर येईनात. महिना गेला, काही नाही. सकाळ-संध्याकाळ तो नव्या दिव्याखाली उभा राहून गाल चाचपायचा. चेहरा धुणं कमी केलं. तेलकट क्रीम आणून चोपडलं. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीला हनुवटीवर एक आला, तेव्हा हा भरल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत बसला. हे ऐकून कुणाला हा वेडा वाटेल, तर वाटो.

एकदा सुरुवात झाल्यावर मात्र भराभर आले. आता त्याला नवीन चिंता. अर्धवट फोड घेऊन गेलं तर आई आणखी गोंधळेल. ना धड साहेब, ना धड ठोंब्या. कानाखाली आतून काहीतरी ठणकायला लागलं होतं. ती गाठ पुरती वर येऊ दे, मगच जायचं, असं त्याने ठरवलं. तीन रविवार गेला नाही. तीन रविवार तो खोलीत बसून होता. जेवण करायचा, भांडी घासायचा, आणि चार वाजले की उठून खिडकीपाशी जायचा. दुसऱ्या रविवारी तर दिवसभरात त्याच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला नाही, हे त्याला संध्याकाळी खोकला आला तेव्हा कळलं.

तिसऱ्या आठवड्यात सिस्टरचा फोन आला. “दादा, आहात कुठे? आजी सारखी चौकशी करतायत. मुलगा का आला नाही, मुलगा का आला नाही, एकच घोशा.”

“मुलगा म्हणाल्या? साहेब नाही?”

“मुलगाच म्हणतात. या तुम्ही.”

त्याचा जीव भांड्यात पडला. वाट बघतेय ती ठोंब्याची, म्हणजे विसरलेली नाही. त्याने कानाखाली बोट लावून पाहिलं. गाठ चांगली सुपारीएवढी झाली होती, हात लावला की डोळ्यांत पाणी यायचं. एकदम पहिल्यासारखी.

रविवारी तो चारच्या आधीच पोचला. व्यवस्थापक बाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कागदांत डोकं घातलं. आई उशीला टेकून बसली होती, केस विंचरलेले, अंगावर धुतलेलं पातळ. हा शेजारच्या खुर्चीत बसला. आज जे काही सांगायचं ते बोटांनाच सांगू दे, म्हणून त्याने तिचा हात घेतला आणि आपल्या उजव्या गालावर ठेवला.

बोटं दचकली. मग फिरायला लागली. गालावरचे फोड, हनुवटी, डावा जबडा. सावकाश मागे गेली आणि कानाखाली थांबली. त्याने श्वास रोखून धरला. तिने गाठीवर हलकेच अंगठा ठेवला. दुखलं, पण तो हलला नाही. आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखर माया दाटून आली.

“अगं बाई,” ती म्हणाली. “तुम्हालाही का हो?”

अंगठा गाठीवरच ठेवून ती पुढे म्हणाली,

“माझ्या मुलाला अगदी अस्सं होतं. इथेच, कानाखाली. फोडू नका हं, डाग पडतात.”

“आई,” तो म्हणाला, “मीच तो. ठोंब्या. हा बघ ना, अजून आहे.”

ती हसली. घाबरली नाही, रडली नाही, पोराची समजूत घालावी तशी हसली. “नाही हो. ठोंब्याचा चेहरा आता गुळगुळीत झालाय. मी स्वतः हात लावून बघितलाय ना. दर रविवारी येतो, इथे बसतो, माझा हात घेऊन गालावर ठेवतो. मधे तीन-चार वेळा नाही आला. पण आज येईल. आला की त्याला विचारते कुठला डॉक्टर ते, तुम्हालाही गुण येईल.”

सिस्टर दारात औषधांचं ताट घेऊन उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि ताटातल्या वाट्या उगाच सारख्या करत राहिली.

“वाईट नका वाटून घेऊ,” आई म्हणाली. तिने त्याच्या गालावर दोनदा थोपटलं, आणि हात काढून मांडीवर घेतला. “बसा तुम्ही थोडा वेळ. ही खुर्ची त्याची आहे, पण तो येईपर्यंत बसायला हरकत नाही. तो आला की मात्र उठावं लागेल हं.”

“उठेन,” तो म्हणाला, आणि सहा वाजेपर्यंत तिच्याबरोबर दाराकडे तोंड करून बसून राहिला.